परवाना कोण देणार?

२७ एप्रिल २०११ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) नावाच्या शंभरेक घरांच्या गोंड गावात दोन मोठे पाहुणे आले. एक केंद्रीय वन व पर्यावरणमंत्री जयराम रमेश, दुसरे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण. त्यांनी ग्रामसभेच्या हवाली एक पुस्तक केलं. त्यात वाहतूक परवान्यांची पानं होती. जंगलातून निघालेला बांबू किती, कुठून निघाला, कुठे चालला, हे लिहून खाली सही करायची. ट्रकसोबत तो कागद असला की वाटेतल्या नाक्यावर कुणी अडवत नाही. तोवर ही सही वनखात्याची असे. आता ती गाव करणार होतं. देशात हा अधिकार मिळालेलं मेंढा हे पहिलं गाव.

आदिवासींची स्वायत्तता हा विषय निघाला की बोलणं पटकन वर चढतं. राज्यघटना, अनुसूच्या, आंतरराष्ट्रीय जाहीरनामे, अस्मिता. ते सगळं पुढे येईलच. पण सत्ता नेमकी कुणाकडे आहे हे तपासायचं असेल तर एवढंच विचारावं: गावातला माल गावाबाहेर जाताना कागदावर सही कुणाची लागते, आणि पैसे कुणाच्या खात्यात पडतात? मेंढ्याला या दोन प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या बाजूने फिरवायला पंचवीस-तीस वर्षं लागली.

हा मुलूख पूर्वी मध्य प्रांतात होता आणि त्यावर जमीनदाऱ्या होत्या. जमीनदार राज्य करत, पण गावाला निस्तार होता: घरासाठी बांबू-लाकूड, चुलीसाठी जळण, गुरांना चराई, खायला फळं-कंद. १९५० नंतर जमीनदाऱ्या संपल्या आणि जंगल सरकारकडे गेलं. कागदावर निस्तार शिल्लक राहिला. जंगलात मात्र गावकऱ्याची गाठ फॉरेस्ट गार्डशी पडू लागली. त्याच जंगलातला बांबू कागद गिरणीला वर्षानुवर्षांच्या कराराने, अगदी स्वस्तात जात होता. गावातल्या माणसाने कुडासाठी चार बांबू आणले तर तो चोर, आणि गिरणीचे ट्रक भरून गेले तर तो औद्योगिक विकास. यातला अन्याय समजायला कुणाला कायदा शिकावा लागत नव्हता.

ऐंशीच्या दशकात इंद्रावती आणि गोदावरीवर भोपालपट्टणम व इचमपल्ली ही दोन मोठी धरणं बांधायचं घाटत होतं. त्याविरुद्ध ‘जंगल बचाव मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. लालश्यामशहा हे जुन्या पानाबारस जमीनदारीचे आदिवासी नेते आणि बाबा आमटे असे दोघेही त्यात होते. धरणं मागे पडली. आंदोलन संपल्यावर एरवी माणसं घरी जातात आणि पुढच्या संकटाची वाट बघतात. मेंढ्यातल्या काहींनी, त्यात देवाजी तोफा हे पुढे सर्वांना ठाऊक झालेलं नाव, आणि बाहेरून आलेल्या मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी वेगळाच विचार सुरू केला. लढाई नसतानाच्या दिवसांत गाव आपला कारभार कसा चालवतं, हे समजून घ्यायचं.

सुरुवात गोटुलापासून झाली. गोटूल म्हणजे गोंड गावातलं तरुण मुलामुलींचं, आणि सगळ्या गावाच्या एकत्र येण्याचं घर. ती चाल मोडत आली होती. गावाने ती पुन्हा सुरू करायचं ठरवलं आणि जंगलातून लाकूड आणून गोटूल बांधलं. वनखात्याने पोलिसांना घेऊन येऊन ते पाडलं, लाकूड उचलून नेलं. मेंढ्याने पुन्हा बांधलं. आणि आसपासच्या गावांनीही, एकापाठोपाठ एक, आपापली गोटुलं उभी केली. एवढी पाडणार किती? खातं थांबलं. इथे गावाला आपली ताकद कळली, असं म्हणण्याचा मोह होतो, पण मला वाटतं त्याहून महत्त्वाचं काहीतरी कळलं असावं: आपल्याला जे चूक वाटतं ते करणाऱ्याकडे नियम आहेत, आणि ते नियम आपण वाचलेले नाहीत.

म्हणून अभ्यास मंडळ. मेंढ्याच्या कारभारातली सगळ्यात हुशार योजना हीच, आणि तिच्याविषयी सगळ्यात कमी बोललं जातं. अभ्यास मंडळात कुणीही बसावं, बाहेरच्यांनीही. वन कायदा म्हणजे काय, निस्तार पत्रक कुठे मिळतं, मध काढताना पोळं न मारता कसं काढता येईल, असं काहीही. तिथे वाद घालावा, माहिती द्यावी, चुकीचं बोलावं, खोडून काढावं. निर्णय मात्र तिथे होत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तिथे फक्त गावातली माणसं. सल्ला देणारा आणि ठरवणारा यांच्यामधली ही रेघ स्वयंसेवी संस्थांच्या जगात भलेभले विसरतात. बाहेरचा शिकलेला माणूस प्रेमाने, तळमळीने, हळूहळू गावाचा मालक होऊन बसतो. मेंढ्यात तशी जागाच ठेवली नव्हती. गावात संशोधन करायचं असेल तरी ग्रामसभेची परवानगी लागते. प्रबंध लिहून पदवी घेऊन जाणाऱ्यांची रांग पाहता हा नियम फारच शहाणपणाचा.

दुसरी गोष्ट सर्वसहमतीची. ग्रामसभेत मतदान नाही. एकाचा जरी विरोध असेल तरी निर्णय थांबतो आणि चर्चा पुढच्या बैठकीवर जाते. शहरातल्या माणसाला हे ऐकून घाम फुटतो, कारण त्याला गृहनिर्माण सोसायटीची सभा आठवते. पण शंभर घरांच्या गावात बहुमताने हरलेली तीस-चाळीस घरं कुठे जाणार? उद्या त्यांच्यासोबतच जंगलात जायचंय, त्यांच्याच पोरीला सून करून आणायचीय. दारूबंदीचा निर्णय असाच रेंगाळला. मोहाची दारू देवकार्याला लागते. ती सरसकट बंद कशी करायची? बायकांना बंदी हवी होती, पुरुषांकडे कारणं होती. महिनोन्‌महिने बोलणं चाललं. पण ठरलं तेव्हा ते टिकलं, कारण ‘माझ्यावर लादलं’ असं म्हणायला कुणी उरलं नव्हतं. या पद्धतीत धोकाही आहे. हट्टी माणूस सगळ्यांना वेठीस धरू शकतो, आणि दुबळा माणूस गप्प बसला तर त्याच्या गप्प बसण्याला होकार समजलं जातं. मेंढ्यात ती चालली याचं श्रेय पद्धतीपेक्षा आधीच्या लांबलचक बोलण्याला द्यायला हवं, असं माझं मत आहे. घाईने सर्वसहमती आणू पाहणारी गावं मी ऐकून आहे. तिथे सरपंच बोलतो आणि सगळे मान डोलावतात.

याच काळात ती घोषणा जन्मली, जी आता फलकांवर आणि भाषणांत झिजून गेली आहे: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. तिच्यात फुटून निघण्याचा सूर नाही, हे लक्षात घ्यायला हवं. पहिला अर्धा भाग देशाला मान्यता देतो. दुसरा अर्धा भाग मात्र राज्याला अवघड जातो, आणि तो घटनेलाही अवघड गेला.

घटना समितीत छोटा नागपूरचे जयपालसिंग मुंडा होते. ऑक्सफर्डला शिकलेले, १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघाचे कर्णधार. १९ डिसेंबर १९४६ च्या भाषणात त्यांनी सभागृहाला सुनावलं की आदिवासींना लोकशाही शिकवायचा खटाटोप तुम्ही करू नका. ती तुम्हीच त्यांच्याकडून शिकायची आहे. सभागृहाने ऐकून घेतलं. घटनेत मग दोन अनुसूच्या आल्या. सहावी ईशान्येसाठी: आज आसाम, मेघालय, त्रिपुरा, मिझोराममध्ये तिच्याखाली स्वायत्त जिल्हा परिषदा आहेत, त्यांना जमीन, जंगल, वारसा, रूढी यांवर कायदे करता येतात. पाचवी बाकीच्या देशातल्या आदिवासी भागांसाठी, आणि तिच्यात कायदे करणारी आदिवासींची सभा नाहीच. सल्लागार परिषद आहे, पण ती सल्ला देते. खरा अधिकार राज्यपालांकडे: एखादा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू नाही, असं ते एका अधिसूचनेने जाहीर करू शकतात. एवढा मोठा अधिकार, आणि वापर इतका तुरळक. महाराष्ट्रात तेरा जिल्ह्यांचे भाग पाचव्या अनुसूचीत येतात, पालघरपासून गडचिरोलीपर्यंत. तिथल्या बहुतेकांना आपण एका अनुसूचीत राहतो याचा चाळीस-पंचेचाळीस वर्षं पत्ताही नव्हता.

पंचायत राज आणणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, पण अनुसूचित क्षेत्रांना वगळून. तिथे काय करायचं हे ठरवायला खासदार दिलीपसिंह भुरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बस्तरचे जिल्हाधिकारी आणि पुढे अनुसूचित जाती-जमातींचे आयुक्त राहिलेले ब्रह्मदेव शर्मा गावगणराज्याची कल्पना घेऊन देशभर फिरत होते, तोही दबाव होताच. २४ डिसेंबर १९९६ ला पंचायत राज अनुसूचित क्षेत्रांपर्यंत नेणारा पेसा कायदा आला. त्यातला सगळ्यात उलथापालथ करणारा भाग गावाच्या व्याख्येत आहे. महसूल खात्याच्या नकाशात गाव म्हणजे सर्व्हे नंबरांचा पुंजका. पेसात गाव म्हणजे वस्ती, पाडा, टोला, जिथली माणसं आपल्या चालीरीतीने आपला कारभार बघतात. त्यामुळे ग्रामसभा चार-पाच गावांच्या गटग्रामपंचायतीची न राहता पाड्याची होऊ शकते. गौण वनोपजाची मालकी, बाजार, सावकारी, दारू, हिरावलेली जमीन परत मिळवणं, या सगळ्यात ग्रामसभेला किंवा पंचायतीला अधिकार, असं कायदा म्हणतो. महाराष्ट्राने नियम केले मार्च २०१४ मध्ये. सतरा वर्षं! एवढ्या काळात कायद्याच्या वर्षी जन्मलेलं मूल बारावीत जातं.

दरम्यान दुसरा कायदा पुढे गेला होता. २००६ चा वनहक्क कायदा ऐतिहासिक अन्यायाची कबुली देऊन सुरू होतो, सरकारी कायद्यांत असं वाक्य विरळच. वैयक्तिक पट्ट्यांबरोबर त्यात सामूहिक वनहक्क आहे: परंपरेने गाव जे जंगल वापरत, राखत आलं ते राखण्याचा, वाढवण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क. गावाने वनहक्क समिती नेमायची, पुरावे जमवायचे, ग्रामसभेने ठराव करायचा, मग दावा उपविभागीय आणि जिल्हा समितीकडे. मेंढ्याकडे अभ्यास मंडळाची सवय होती, दप्तर नीट होतं. २००९ मध्ये मेंढा आणि शेजारचं मर्दा या गावांना देशात सगळ्यात आधी सामूहिक हक्क मिळाले. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १८०० हेक्टर जंगल आलं.

आणि मग बांबूवर गाडी अडली. १९२७ च्या वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत बांबूही धरलेला होता. झाड तोडलं की ते इमारती लाकूड, आणि लाकूड खात्याचं. २००६ च्या कायद्याने मात्र बांबू गौण वनोपजात घातला, म्हणजे मोह-डिंक-चारोळीसारखा, गावाचा. खात्याने युक्तिवाद केला तो इतका साधा होता की हसावं की रडावं: हक्क तुमचा असेल, पण परवाना आम्ही देत नाही. परवान्याविना तोडलेला बांबू गावातच पडून राहणार. विकायचाच नाही तर मालकी कसली? जयराम रमेश यांनी मार्च २०११ मध्ये सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की बांबू गौण वनोपज आहे, ग्रामसभेला विकू द्या. पुढच्याच महिन्यात ते पुस्तक. सप्टेंबर २०१२ मध्ये नियम बदलले आणि ग्रामसभेच्या समितीने वाहतूक परवाने द्यावेत, असं देशभरासाठी ठरलं. वन कायद्यातली बांबूची व्याख्या २०१७ मध्ये बदलली, तीही फक्त जंगलाबाहेरच्या बांबूपुरती.

पहिल्याच हंगामात मेंढ्याला कोटीच्या वर रक्कम मिळाली. मजुरी आधी, मग राहिलेलं ग्रामसभेच्या खात्यात. खातं म्हटलं की हिशेब आला, लेखापरीक्षण आलं, प्राप्तिकर खातं आलं. ग्रामसभा करदात्यांच्या कोणत्या रकान्यात बसते, हा प्रश्न तोवर कुणाला पडलाच नव्हता. जंगलाचं राजकारण करणाऱ्या माणसांना आता पॅन कार्ड आणि पावत्या सांभाळायच्या होत्या. स्वराज्याचा हा भाग रटाळ आहे, आणि तो न जमल्याने अनेक ठिकाणी चांगली सुरुवात विस्कटली.

पैशाचा हा प्रश्न आंतरराष्ट्रीय कागदावरही आहे. संयुक्त राष्ट्रांनी १३ सप्टेंबर २००७ रोजी मूलनिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा संमत केला, १४४ देश बाजूने, चार विरुद्ध. ते चार म्हणजे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. नंतर त्यांनीही भूमिका बदलली. त्याच्या चौथ्या कलमात अंतर्गत कारभारातल्या स्वायत्ततेबरोबर ती चालवायला लागणाऱ्या पैशाच्या मार्गाचाही हक्क नोंदला आहे. बाकी कलमांवर पोथ्या लिहिल्या गेल्या, या शेपटाकडे लोकांचं लक्ष कमी. तिजोरी दुसऱ्याची असेल तर स्वायत्तता त्याच्या मर्जीवर चालते. भारताने जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं, पण भारताची भूमिका अशी की इथले सगळेच मूलनिवासी. सोयीचं उत्तर आहे: सगळेच तसे असतील तर वेगळं काही कुणालाच द्यावं लागत नाही.

मेंढ्यासारखाच हक्क चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हजारेक हेक्टर जंगलावर मिळाला. बांबू ते विकतात. तेंदूपत्ता तोडायचा मात्र त्यांनी थांबवला. विदर्भात तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्यातली हुकमी रोकड. पण चांगली कोवळी पानं यावीत म्हणून झाडं छाटतात, वणवे लावतात, आणि त्याच झाडाचं टेंभराचं फळही जातं. गावाने हिशेब मांडला आणि ठरवलं, नको. जंगल लोकांच्या हाती दिलं की ते ओरबाडून खातील, ही वनखात्याची जुनी भीती होती. पैसा समोर असताना नाही म्हणणारं पाचगाव हे तिला मिळालेलं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर. गडचिरोलीच्या कोरची तालुक्यात उलट घडलं: तेंदू चालू राहिला, पण लिलाव ग्रामसभा करू लागल्या, आणि नव्वद ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा बांधली. एकेकटं गाव कंत्राटदारापुढे कच्चं पडतं, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. २०१७ चा हंगाम भावाने जोरात गेला, पुढच्या वर्षी भाव कोसळला, आणि कुठे कुठे पैसेही थकले. वनखातं दलाली करत होतं तेव्हा दर कमी होता, पण नुकसान पोटात घालायला सरकार होतं. आता बाजार थेट गावाच्या दारात. या प्रयोगांवर लिहिणारे हा भाग गाळतात, कारण तो गोष्टीची चव बिघडवतो.

बांबू आणि तेंदू हलक्या गोष्टी आहेत. जमिनीखाली लोखंड निघालं की सूर बदलतो. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर ठाकुरदेव आहे, दर जानेवारीत तिथे यात्रा भरते, आसपासच्या सत्तरेक गावांची. त्याच डोंगरात उत्तम प्रतीचं लोहखनिज आहे आणि २००७ पासून सुमारे ३५० हेक्टरचा खाणपट्टा. खाण सुरू झाली, माओवाद्यांनी वाहनं जाळल्यावर बंद पडली, २०२१ पासून पुन्हा जोरात आहे. इलाक्यातल्या ग्रामसभांचे विरोधाचे ठराव आहेत. पेसा इथे काय म्हणतो? गौण खनिजासाठी, म्हणजे वाळू-मुरुमासाठी, ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. लोखंड गौण नाही, म्हणून तिथे शिफारसही नको. जमीन संपादित करायची तर ‘विचारविनिमय’ करायचा, संमती घ्यायची असं नाही. वनहक्क कायद्याच्या आधारे केंद्राने २००९ मध्ये परिपत्रक काढलं होतं की जंगल वळवण्याआधी ग्रामसभेची संमती हवी. २०२२ च्या नव्या नियमांनी केंद्राची मंजुरी आधी आणि हक्कांची पूर्तता राज्याने नंतर पाहावी, असा क्रम लावला. सुरजागडमधल्या रोजगाराचं कौतुक करणारी गावातली तरुण पोरंही आहेत, आणि त्यांना दलाल म्हणून उडवून लावणं अप्रामाणिक ठरेल. पण होकार असो वा नकार, तो विचारलाच गेला नाही, ही तक्रार त्याने मिटत नाही.

विचारलं गेलं ते ओडिशात. नियमगिरीच्या डोंगरावर डोंगरिया कोंध राहतात आणि नियमराजाला मानतात. तिथल्या बॉक्साइटचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८ एप्रिल २०१३ ला न्यायालय म्हणालं, देवाचा आणि सामूहिक हक्काचा प्रश्न ग्रामसभांसमोर ठेवा, जिल्हा न्यायाधीश दर्जाचा निरीक्षक बसवा. डोंगरावर आणि पायथ्याला शंभरावर वस्त्या. राज्य सरकारने त्यातल्या बारा निवडल्या, रायगडा जिल्ह्यातल्या सात आणि कालाहांडीतल्या पाच. त्या निवडीवर तेव्हाच टीका झाली. जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात, सभा झाल्या. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. जानेवारी २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने प्रकल्प फेटाळला. दोन वर्षांनी ओडिशाचं खाण महामंडळ पुन्हा न्यायालयात गेलं: ग्रामसभा नव्याने घ्या, कदाचित लोकांचं मत बदललं असेल. न्यायालयाने ते ऐकून घेतलं नाही.